लिनक्स व युनिक्ससदृश प्रणालींवर ओपनजीएलची डिस्प्ले-मांडणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातपूर औद्योगिक वसाहतीतील आमच्या सामायिक संगणकावर नाशिकच्या वेगवेगळ्या भागांतून विद्यार्थी, डिझायनर आणि लहान कारखान्यांतील ड्राफ्ट्समन काम करतात. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. कमांड, व्हेरिएबल आणि फाइलींची नावे या पानावर नागरी लिपीत दिली असली, तरी टर्मिनलमध्ये ती रोमन अक्षरांतच टाइप करावी लागतात; ती येथून कॉपी करून चिकटवू नयेत. व्हेरिएबलची नावे कॅपिटल अक्षरांत असतात. जेथे तसे नाही, तेथे वेगळा उल्लेख केला आहे.

१. ओपनजीएल, मेसा, एक्स सर्व्हर, ड्रायव्हर अशी इतकी नावे ऐकतो. यांपैकी चित्र नेमके कोण काढते?

ओपनजीएल हे केवळ विनिर्देश, म्हणजे चित्रे काढण्याच्या आज्ञांचे लेखी नियम, आहे. ते सिलिकॉन ग्राफिक्सने १९९२ मध्ये प्रसिद्ध केले आणि २००६ पासून त्याची देखभाल क्रोनोस ग्रुपकडे आहे. मेसा ही त्या विनिर्देशाची मुक्त अंमलबजावणी असून ब्रायन पॉल यांनी तिचे काम १९९३ मध्ये सुरू केले. इंटेल व एएमडी कार्डांसाठीचे मुक्त ड्रायव्हर मेसाच्या आतच असतात, तर एनव्हिडियाचा मालकी ड्रायव्हर स्वतःची वेगळी लायब्ररी घेऊन येतो, आणि दोन्ही एकाच यंत्रावर सुखाने नांदावेत म्हणून मध्ये लिबजीएलव्हीएनडी ही वाटप करणारी लायब्ररी असते. एक्स सर्व्हर किंवा वेलँड कंपोझिटर (पडदा सांभाळणारे प्रोग्राम) तयार झालेले चित्र पडद्यावर योग्य खिडकीत मांडतो.

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ असते: खिडकी कोणत्या पडद्यावर उघडायची, ती उघडण्याची परवानगी कोणाला आहे, आणि आतले चित्र कोणत्या यंत्राने काढायचे. या तिन्हींची उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणी ठरतात. एकीचा बिघाड दुसरीच्या सेटिंगमध्ये शोधत बसलो तर दिवस जातो आणि हाती काही लागत नाही.

२. डिस्प्ले व्हेरिएबलमध्ये कधी ‘:०’ दिसते, तर कधी ‘लोकलहोस्ट:१०.०’. याचा अर्थ काय?

खिडकी कोठे उघडायची हे प्रोग्रामला सांगणाऱ्या या मूल्याचे तीन भाग असतात. कोलनच्या आधी यंत्राचे नाव, कोलननंतर डिस्प्लेचा क्रमांक आणि टिंबानंतर स्क्रीनचा क्रमांक. यंत्राचे नाव रिकामे असेल तर जोडणी त्याच यंत्रावरील सॉकेटमधून होते. ‘:०’ साठी ते सॉकेट ‘/टीएमपी/.एक्स११-युनिक्स/एक्स०’ या ठिकाणी असते. नाव दिलेले असेल तर जोडणी टीसीपीवरून होते आणि पोर्ट ६००० अधिक डिस्प्लेचा क्रमांक इतके धरले जाते, म्हणजे ‘लोकलहोस्ट:१०.०’ चे पोर्ट ६०१० होय. एसएसएच (दुरून दुसऱ्या यंत्रावर लॉगिन करण्याची सोय) सर्व्हर आपले क्रमांक मुळात १० पासून सुरू करतो, त्यामुळे दहा किंवा त्यापुढचा आकडा दिसला की ही खिडकी एसएसएचमार्गे दुसऱ्या यंत्रावर जाणार आहे असे समजावे.

हे मूल्य एसएसएच किंवा डेस्कटॉप सत्र स्वतःच भरते. जुने लेख वाचून ते हाताने ‘यंत्राचा आयपी:०’ असे लिहू नये. एक्स सर्व्हरची आवृत्ती १.१७ आल्यापासून टीसीपीवर ऐकणे मुळातच बंद ठेवलेले असते, त्यामुळे असे मूल्य चालत नाही. आणि मुद्दाम चालू केले तर सारा मजकूर उघडा प्रवास करतो.

३. ‘कॅनॉट ओपन डिस्प्ले’ अशी चूक येते. ग्राफिक्स कार्ड खराब झाले असेल का?

नाही. ही चूक येते तेव्हा प्रोग्राम कार्डापर्यंत पोहोचलेलाच नसतो. डिस्प्ले हा पत्ता आणि ‘.एक्सऑथॉरिटी’ फाइलमधील कुकी ही किल्ली असे धरले, तर दोहोंपैकी एक चुकले आहे इतकाच या चुकीचा अर्थ होतो.

आधी ‘एको’ने डिस्प्लेचे मूल्य पाहावे. ते रिकामे असेल आणि आपण एसएसएचने आलेले असाल, तर ‘-एक्स’ हा पर्याय दिला होता का ते तपासावे. तो कॅपिटल एक्स असावा लागतो, कारण लहान एक्सचा अर्थ नेमका उलटा, म्हणजे फॉरवर्डिंग (दूरच्या प्रोग्रामची खिडकी आपल्या पडद्यावर आणणे) बंद ठेवा, असा आहे. पर्याय बरोबर असूनही ‘एक्स११ फॉरवर्डिंग रिक्वेस्ट फेल्ड ऑन चॅनल ०’ असा संदेश आला, तर दोष दूरच्या यंत्रावर आहे: तेथे ‘एक्सऑथ’ हे कुकी सांभाळणारे पॅकेज बसवलेले नाही, किंवा ‘एसएसएचडी_कॉन्फिग’मध्ये ‘एक्स११फॉरवर्डिंग’ बंद आहे. आयपीव्ही६ बंद केलेल्या काही सर्व्हरवर हाच संदेश येतो आणि त्याच फाइलमध्ये ‘अॅड्रेसफॅमिली’चे मूल्य ‘आयनेट’ केल्यावर तो जातो.

डिस्प्ले भरलेले आहे, तरीही खिडकी उघडत नाही, अशा वेळी आमच्या यंत्रावर आम्ही प्रथम डिस्कचा कोटा पाहतो. रेंडर केलेल्या चित्रांनी होम फोल्डर काठोकाठ भरला की एक्सऑथला नवी कुकी लिहिता येत नाही. लॉगिन करताना ‘.एक्सऑथॉरिटी’ लॉक करण्यात अडचण आल्याची एक ओळ झर्रकन वर निघून जाते आणि ती कोणी वाचत नाही. जुन्या फाइली हलवाव्यात, बाहेर पडून पुन्हा लॉगिन करावे. सुडो (रूट, म्हणजे व्यवस्थापकाच्या अधिकाराने कमांड चालवणे) वापरत असल्यास प्रश्न १० पाहावा, टीमक्स (जोडणी तुटली तरी टर्मिनलचे सत्र चालू ठेवणारा प्रोग्राम) वापरत असल्यास प्रश्न ९.

४. माझा प्रोग्राम खरोखर ग्राफिक्स कार्ड वापरतो आहे, हे कसे ओळखावे?

‘जीएलएक्सइन्फो -बी’ ही कमांड चालवावी. येथे बी कॅपिटल आहे. डेबियन व उबुंटूवर ती ‘मेसा-युटिल्स’ या पॅकेजमध्ये आणि फेडोरावर ‘जीएलएक्स-युटिल्स’मध्ये मिळते. उत्तरात सुरुवातीलाच ‘डायरेक्ट रेंडरिंग: येस’ असे दिसते आणि पुष्कळ जण तेथेच समाधान मानतात. ते पुरेसे नाही. डायरेक्ट याचा अर्थ इतकाच, की चित्र काढण्याचे काम एक्स सर्व्हरकडे न सोपवता प्रोग्रामने लायब्ररीमार्फत स्वतः केले. ते कार्डावर झाले की साध्या प्रोसेसरवर, हे त्यातून कळत नाही.

पाहायची ओळ आहे ‘ओपनजीएल रेंडरर स्ट्रिंग’. तेथे आपल्या कार्डाचे नाव असेल तर सर्व ठीक आहे. तेथे ‘एलएलव्हीएमपाइप’ किंवा ‘सॉफ्टपाइप’ असेल, तर मेसा प्रोसेसरवर चित्र काढत आहे, आणि त्याच उत्तरात थोडे वर ‘अॅक्सिलरेटेड: नो’ असेही लिहिलेले असते. एलएलव्हीएमपाइप हा वाईट नव्हे. सर्व कोअर वापरून तो बरेच काम करतो आणि चित्र अचूक काढतो. मात्र लाखो त्रिकोणांचे मॉडेल फिरवताना तो दमतो.

५. यंत्रासमोर बसलो तर कार्डाचे नाव दिसते, पण त्याच खात्याने एसएसएचने येऊन स्क्रीनशिवाय रेंडर केले तर एलएलव्हीएमपाइप दिसतो. असे का?

कारण कार्डाची परवानगी आपल्याला खुर्चीमुळे मिळत होती, खात्यामुळे नाही. ‘/डेव्ह/डीआरआय’ या फोल्डरमध्ये ‘कार्ड०’ आणि ‘रेंडरडी१२८’ अशा नावांच्या फाइली असतात. अनेक वितरणांत या फाइली ‘व्हिडिओ’ आणि ‘रेंडर’ या गटांच्या मालकीच्या असतात, आणि जो प्रत्यक्ष यंत्रासमोर लॉगिन झाला आहे त्याला सिस्टमडी वेगळी तात्पुरती परवानगी देऊन टाकते. दुरून येणाऱ्याला ती मिळत नाही. मेसाला कार्ड उघडता आले नाही की ती आरडाओरडा न करता सॉफ्टवेअरवर उतरते, म्हणूनच हा दोष महिनोन्‌महिने लक्षात येत नाही.

खाते ‘रेंडर’ गटात, आणि जुन्या वितरणांत ‘व्हिडिओ’ गटातही, घालावे लागते. सामायिक यंत्रावर हे काम व्यवस्थापकाचे आहे. गटात घातल्यानंतर पूर्ण बाहेर पडून पुन्हा लॉगिन करणे आवश्यक आहे; चालू असलेल्या टर्मिनलला नवा गट कळत नाही.

६. जीएलएक्सगिअर्स सेकंदाला फक्त ६० फ्रेम दाखवते. माझे महागडे कार्ड इतके मंद कसे?

ते मंद नाही. मॉनिटर सेकंदाला ६० वेळा (६० हर्ट्झ) चित्र ताजे करतो आणि त्याच्याशी फ्रेम जुळवल्या जात आहेत. मेसावर ‘व्हीब्लँक_मोड=०’ (ही अक्षरे लहान) आणि एनव्हिडियाच्या ड्रायव्हरवर ‘__जीएल_सिंक_टू_व्हीब्लँक=०’ देऊन हे बंद करता येते, पण मग खिडकी हलवताना चित्र आडवे फाटल्यासारखे दिसते. शिवाय जीएलएक्सगिअर्सची ती तीन दातेरी चाके वेग मोजण्याचे साधन नव्हेत. त्या आकड्यांवरून दोन कार्डांची तुलना करू नये.

७. नाशिक रोडच्या घरून एसएसएचने मॉडेल उघडले. खिडकी आली, पण मॉडेल फिरवताना सेकंदाला जेमतेम एक चित्र बदलते. सर्व्हरचे कार्ड तर दमदार आहे ना?

आहे, परंतु या वाटेने ते वापरलेच जात नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

एसएसएचच्या एक्स फॉरवर्डिंगमध्ये प्रोग्राम सातपूरला चालतो आणि एक्स सर्व्हर, म्हणजे पडदा सांभाळणारा, आपल्या घरच्या लॅपटॉपवर असतो. अशा वेळी मेसापुढे दोन मार्ग असतात. पहिल्या मार्गात ओपनजीएलच्या आज्ञाच जाळ्यावरून घरी पाठवायच्या आणि घरच्या यंत्राने चित्र काढायचे; याला इनडायरेक्ट रेंडरिंग म्हणतात. पण याचा संदेश-नियम ओपनजीएल १.४ च्या पलीकडे फारसा गेलेला नाही, शेडरवर (कार्डावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामांवर) आधारलेल्या आजच्या प्रोग्रामांना तो पुरत नाही, आणि सुरक्षेच्या कारणाने एक्स सर्व्हर १.१७ पासून तो मुळात बंद ठेवलेला असतो. दुसऱ्या मार्गात सातपूरच्या यंत्राने प्रोसेसरवर चित्र काढायचे आणि तयार चित्रबिंदू घरी पाठवायचे. सहसा हाच मार्ग घेतला जातो. दोन्हींत सर्व्हरचे कार्ड रिकामे बसून असते.

आता हिशेब पाहा. पांडवलेणीच्या स्कॅनचा पॉइंट क्लाउड १९२० × १०८० आकाराच्या खिडकीत उघडला आहे असे समजू. प्रत्येक बिंदूला ४ बाइट धरले तर एका फ्रेमचे सुमारे ८३ लाख बाइट होतात. सेकंदाला ३० फ्रेम हव्या असतील तर जवळजवळ २५० मेगाबाइट, म्हणजे २ गिगाबिट, दर सेकंदाला वाहून न्यावे लागतील. घरची जोडणी १०० मेगाबिटची असेल तर दीड फ्रेम हातात येते, आणि नेमके तेच आपल्याला दिसते. एसएसएचचा ‘-सी’ (कॅपिटल) हा संकोचनाचा पर्याय थोडी मदत करतो. चमत्कार करत नाही.

यावर उपाय म्हणजे चित्र सर्व्हरच्या कार्डावर काढून ते जेपेगसारख्या रूपात दाबून पाठवणे. त्यासाठी आमच्या यंत्रावर टर्बोव्हीएनसी (दूरचा डेस्कटॉप आपल्या पडद्यावर दाखवणारे) आणि व्हर्च्युअलजीएल बसवले आहे. व्हीएनसी सत्रात शिरल्यावर नेहमीच्या कमांडच्या आधी ‘व्हीजीएलरन’ हा शब्द जोडावा, मग रेंडरर स्ट्रिंगमध्ये खरे कार्ड दिसू लागते. फक्त अंतिम चित्रच हवे असेल तर खिडकीचा हट्ट सोडावा आणि प्रश्न १४ मधील मार्ग घ्यावा. माझ्या मते निम्म्या लोकांची गरज तेवढ्यानेच भागते.

८. एसएसएचमध्ये ‘-एक्स’ आणि ‘-वाय’ यांत फरक काय? ‘-एक्स’ने काही वेळाने नवी खिडकी उघडेनाशी होते.

‘-एक्स’ने दूरच्या प्रोग्रामला अविश्वासू पाहुणा मानले जाते. त्याला इतर खिडक्यांत डोकावता येत नाही, एक्सचे काही विस्तार त्याच्यासाठी बंद राहतात, आणि त्याला दिलेली कुकी मुळात २० मिनिटांतच संपते. उघडलेल्या खिडक्या चालू राहतात, नवी मात्र नाकारली जाते. ‘-वाय’ने पूर्ण विश्वास दिला जातो, म्हणजे दूरच्या यंत्राच्या व्यवस्थापकाने मनात आणले तर तो आपण टाइप केलेली प्रत्येक कळ वाचू शकतो. ओळखीच्या यंत्रापुरतेच ‘-वाय’ वापरावे. मेख अशी आहे की डेबियन व उबुंटूमध्ये ‘फॉरवर्डएक्स११ट्रस्टेड’ हे मूल्य मुळातच ‘येस’ असते, त्यामुळे तेथे दोन्ही पर्याय सारखेच वागतात आणि २० मिनिटांचा अनुभव शेजारच्याला येतो, आपल्याला येत नाही.

९. लाइट गेली, इंटरनेट तुटले, पुन्हा जोडून टीमक्समध्ये आलो तर खिडकी उघडत नाही.

सर्व्हर यूपीएसवर असल्याने टीमक्सचे सत्र जिवंत राहते, पण त्यातील शेलला जुनाच डिस्प्ले आठवत असतो, उदाहरणार्थ ‘लोकलहोस्ट:१०.०’, नव्या जोडणीला मात्र ११ क्रमांक मिळालेला असतो. पुन्हा जोडले जाताना टीमक्स स्वतःची नोंद सुधारते, पण आधीपासून उघड्या असलेल्या शेलपर्यंत ती पोहोचत नाही. टीमक्समध्ये नवी खिडकी उघडावी, किंवा ‘टीमक्स शो-एन्व्हायर्नमेंट डिस्प्ले’ने नवे मूल्य पाहून ते जुन्या शेलमध्ये ‘एक्स्पोर्ट’ करावे.

१०. सुडोने चालवलेला प्रोग्राम खिडकी उघडू शकत नाही. ‘एक्सहोस्ट +’ करू का?

करू नये. त्याने कुलूपच काढून टाकले जाते. त्या एक्स सर्व्हरपर्यंत पोहोचणाऱ्या कोणालाही आपला पडदा खुला होतो. फक्त त्याच यंत्रावरील रूट खात्याला परवानगी द्यायची असेल तर ‘एक्सहोस्ट +एसआय:लोकलयूजर:रूट’ असे लिहावे. तथापि ग्राफिक्सचा प्रोग्राम रूट म्हणून चालवण्याची गरज बहुधा नसतेच. ज्यांना ती वाटते त्यांची खरी अडचण प्रश्न ५ मधील गटाची असते.

११. माझ्या लॅपटॉपवर वेलँड आहे. मग डिस्प्ले व्हेरिएबलला काही अर्थ उरतो का?

उरतो. ‘एक्सडीजी_सेशन_टाइप’चे मूल्य ‘वेलँड’ असले तरी जुन्या प्रोग्रामांसाठी एक्सवेलँड नावाचा एक्स सर्व्हर आत चालू असतो आणि डिस्प्ले त्याच्याकडे बोट दाखवतो. वेलँडचा स्वतःचा पत्ता ‘वेलँड_डिस्प्ले’मध्ये असतो, सहसा ‘वेलँड-०’, आणि त्याचे सॉकेट ‘एक्सडीजी_रनटाइम_डिर’ने दाखवलेल्या फोल्डरमध्ये मिळते. एक्सवेलँडमधूनही कार्ड पूर्ण वेगाने वापरता येते.

फरक पडतो तो दोन ठिकाणी. एक्सरँडर ही कमांड वापरून पडद्याचे रिझोल्यूशन बदलता येत नाही, ते डेस्कटॉपच्या सेटिंगमधूनच करावे लागते. आणि पडद्याचे प्रमाण १२५ किंवा १५० टक्के ठेवले असेल तर एक्सवेलँडमधील खिडकी काही डेस्कटॉपवर धूसर दिसते. एखादा क्यूटीवर आधारित प्रोग्राम वेलँडवर रिकामी खिडकी दाखवत असेल, तर ‘क्यूटी_क्यूपीए_प्लॅटफॉर्म=एक्ससीबी’ देऊन तो एक्सवेलँडमधून चालवून पाहावा; जीटीकेसाठी हेच काम ‘जीडीके_बॅकएंड=एक्स११’ करते.

१२. लॅपटॉपमध्ये इंटेलचे आणि दुसरे मोठे, अशी दोन कार्डे आहेत. मोठे कसे वापरावे?

दोन्ही मेसावर असतील तर कमांडच्या आधी ‘डीआरआय_प्राइम=१’ लिहावे. मोठे कार्ड एनव्हिडियाच्या मालकी ड्रायव्हरवर असेल तर ‘__एनव्ही_प्राइम_रेंडर_ऑफलोड=१’ आणि ‘__जीएलएक्स_व्हेंडर_लायब्ररी_नेम=एनव्हिडिया’ ही दोन्ही द्यावीत; दुसऱ्याचे मूल्य लहान अक्षरांत असते. ही व्हेरिएबल ‘.बॅशआरसी’त कायमची लिहून ठेवू नयेत, नाहीतर साधा कॅल्क्युलेटरही मोठे कार्ड जागे करील आणि बॅटरी दुपारच्या आत संपेल.

१३. सभागृहाच्या प्रोजेक्टरवर १९२० × १०८० हा पर्यायच दिसत नाही.

लांब केबलमुळे प्रोजेक्टरची माहिती लॅपटॉपपर्यंत नीट पोहोचत नाही. एक्स सत्रात ‘सीव्हीटी १९२० १०८० ६०’ चालवावे, मिळालेली मोडलाइन ‘एक्सरँडर --न्यूमोड’ला द्यावी, मग ‘--अॅडमोड’ने ती त्या आउटपुटला जोडावी आणि ‘--मोड’ने निवडावी. वेलँडवर हे चालत नाही; तेथे लॉगिनच्या पडद्यावर एक्सचे सत्र निवडणे सोपे.

१४. मॉनिटर नसलेल्या यंत्रावर रात्रीतून शंभर चित्रे काढायची आहेत. क्रॉनमधून चालवले की ३ नंबरच्या प्रश्नातली चूक येते.

क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या प्रोग्रामला, डिस्प्ले नसतोच. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एक्सव्हीएफबी, जो स्मृतीत काल्पनिक पडदा उभा करतो. ‘एक्सव्हीएफबी-रन -ए’ लिहिल्यास तो मोकळा क्रमांक स्वतः शोधतो. ‘-एस’ने पडद्याचा आकार व रंगखोली द्यावी, जसे ‘-स्क्रीन ० १९२०x१०८०x२४’. खोली २४ स्पष्ट लिहावी, कारण कमी खोलीवर अनेक प्रोग्रामांना योग्य व्हिज्युअल सापडत नाही. पण लक्षात ठेवावे, एक्सव्हीएफबीमध्ये चित्र प्रोसेसरवरच निघते.

कार्ड वापरायचे असेल तर एक्सला पूर्ण बगल देऊन ईजीएल (खिडकीशिवायही ओपनजीएल चालवण्याची सोय) वापरावे. पायओपनजीएलमध्ये ‘पायओपनजीएल_प्लॅटफॉर्म=ईजीएल’ हे मूल्य लायब्ररी इम्पोर्ट होण्याआधी द्यावे लागते; नंतर दिले तर त्याची दखल घेतली जात नाही. व्हीटीकेची ९.४ ही आवृत्ती पडदा नसल्याचे पाहून स्वतःच ईजीएलकडे वळू शकते, त्याआधीच्या आवृत्त्यांसाठी वेगळे बिल्ड करावे लागत असे. फक्त मॅटप्लॉटलिबचे आलेख हवे असतील तर ओपनजीएलचा संबंधच नाही; ‘एमपीएलबॅकएंड=अॅग’ पुरते.

१५. ‘फेल्ड टू लोड ड्रायव्हर: स्वरास्ट’ असे येते, पण तेही फक्त कोंडाच्या एन्व्हायर्नमेंटमध्येच.

‘फक्त कोंडामध्ये’ या दोन शब्दांतच निदान आहे. प्रणालीची मेसा नव्या सी++ लायब्ररीवर बांधलेली असते आणि कोंडा (पॅकेजे वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये बसवणारे साधन) आपली जुनी ‘लिबएसटीडीसी++’ पुढे करते. ‘लिबजीएल_डीबग=व्हर्बोज’ देऊन पुन्हा चालवले की ‘जीएलआयबीसीएक्सएक्स’ची अमुक आवृत्ती सापडली नाही अशी ओळ दिसते. कोंडा-फोर्जमधून ‘लिबएसटीडीसीएक्सएक्स-एनजी’ अद्ययावत करावे. ड्रायव्हर पुन्हा बसवण्याची गरज नाही.

१६. प्रोग्राम ओपनजीएल ३.३ मागतो. ‘मेसा_जीएल_व्हर्जन_ओव्हरराइड=३.३’ दिले की चालेल का?

कधी कधी. हे व्हेरिएबल आवृत्तीचा आकडा बदलून सांगते, नवी क्षमता निर्माण करत नाही. कार्डात सोय आहे पण प्रोग्रामने कंपॅटिबिलिटी प्रोफाइल मागितल्यामुळे कमी आकडा मिळाला, अशा वेळी ‘३.३कॉम्पॅट’ (प्रत्यय कॅपिटल) देऊन काम होऊ शकते. सोयच नसेल तर प्रोग्राम सुरू होईल आणि काळा पडदा दाखवील. तो आकडा एसएसएचमुळे १.४ दिसत असेल तर आधी प्रश्न ७ वाचावा.

१७. डॉकरच्या कंटेनरमध्ये हे सगळे कसे जमवावे?

बाहेरचे तिन्ही घटक आत द्यावे लागतात: डिस्प्लेचे मूल्य, ‘/टीएमपी/.एक्स११-युनिक्स’ फोल्डर व कुकीची फाइल, आणि ‘--डिव्हाइस /डेव्ह/डीआरआय’. एनव्हिडियासाठी त्यांचे कंटेनर टूलकिट बसवून ‘--जीपीयूज ऑल’ द्यावे. आतल्या खात्याचा गटक्रमांक बाहेरच्या ‘रेंडर’ गटाशी जुळत नाही, ही नेहमीची अडचण आहे. ‘--ग्रुप-अॅड’ला गटाचे नाव न देता क्रमांक द्यावा.

१८. माझ्याकडे मॅक किंवा विंडोज आहे, फ्रीबीएसडीही वापरून पाहतो आहे. हेच नियम लागू होतात का?

मॅकवर एक्सक्वार्ट्झ हा एक्स सर्व्हर वेगळा बसवावा लागतो. अॅपलने २०१८ मध्ये मॅकओएस १०.१४ पासून ओपनजीएल कालबाह्य ठरवले आहे, त्यामुळे आमच्या यंत्राशी जोडताना व्हीएनसीच वापरावे. विंडोजवर डब्ल्यूएसएलजीमुळे (लिनक्सचे खिडकीवाले प्रोग्राम चालवण्याची सोय) डिस्प्ले आपोआप ‘:०’ असते आणि रेंडरर स्ट्रिंगमध्ये ‘डी३डी१२’ दिसले की कार्ड वापरात आहे. फ्रीबीएसडीवर ‘डीआरएम-केमॉड’ बसवून कर्नल मॉड्यूल ‘केएलडी_लिस्ट’मध्ये नोंदवावे आणि खाते ‘व्हिडिओ’ गटात घालावे. पुढे मेसाची सर्व व्हेरिएबल सारखीच आहेत.

१९. काल चालत होते, आज अपडेटनंतर एनव्हिडियाचे काहीच चालत नाही.

‘एनव्हिडिया-एसएमआय’ने ‘ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच’ म्हटले, तर लायब्ररी नवी आणि कर्नलमधील मॉड्यूल जुने आहे. यंत्र रीबूट करावे. सामायिक यंत्रावर रात्रीची कामे चालू असल्याने हे स्वतः करू नये, आम्हाला कळवावे.

२०. वरील सर्व करूनही अडले, तर मदत मागताना काय पाठवावे?

पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो नको. त्यात चुकीची नेमकी ओळ कापली गेलेली असते. ‘जीएलएक्सइन्फो -बी’चे पूर्ण उत्तर, डिस्प्ले व ‘एक्सडीजी_सेशन_टाइप’ यांची मूल्ये, ‘आयडी’ कमांडने दाखवलेले गट, ‘/डेव्ह/डीआरआय’ची ‘एलएस -एल’ यादी आणि ‘लिबजीएल_डीबग=व्हर्बोज’सह मिळालेला संदेश, हे सर्व मजकूर म्हणून चिकटवावे. आपण यंत्रासमोर बसला होता, एसएसएचने आला होता की व्हीएनसीतून, हेही लिहावे. ‘.एक्सऑथॉरिटी’ फाइल किंवा ‘एक्सऑथ लिस्ट’चे उत्तर मात्र कोणालाही पाठवू नये, आम्हालासुद्धा.